आठवड्याची समस्या : बारामती-इंदापूरच्या वाटेवरील काही छायाचित्रे

संस्कृत सुभाषितपरंपरेत कालिदासाच्या नावावर एक आख्यायिका सांगितली जाते. दरबारात एक ओळ टाकण्यात आली. ‘ठ’ या एकाच वर्णाच्या ठणठणाटाखेरीज तिच्यात काही नव्हते. या अर्थशून्य ओळीला अर्थ येईल असे उरलेले चरण रचून दाखवायचे, ही अट. कालिदासाने रामाच्या अभिषेकाचा प्रसंग घेतला, पाणी आणणाऱ्या युवतीच्या हातून सोन्याची घागर निसटू दिली, आणि ती पायऱ्यांवरून गडगडत गेली तेव्हाचा आवाज म्हणजे ही ओळ, असे दाखवून दिले. समस्यापूर्तीचे हे उदाहरण वर्गात सांगताना आम्हांला दरवेळी एका गोष्टीचे नवल वाटत आले आहे. राम, अभिषेक, सोने हे सारे मागे पडते आणि ध्यानात राहतो तो कुणाच्याही घरात ऐकू येणारा, भांडे पडल्याचा आवाज.

ही आख्यायिका आम्हांला पुन्हा आठवली ती २०१६ साली, आणि तीही काव्याच्या निमित्ताने नव्हे. त्या वर्षी आम्ही आंतरजालावरील एका छायाचित्र-आव्हानात भाग घेतला होता. दर सोमवारी एक शब्द जाहीर होई. ‘दार’, ‘प्रतीक्षा’, ‘घर’, ‘पिवळा’, ‘अवशेष’ असे साधेच शब्द. त्या सात दिवसांतच काढलेले एक छायाचित्र पाठवायचे, जुने चालत नसे. मग जगभरातील सभासद मते देत. बावन्न आठवडे, बावन्न शब्द. आमचे वास्तव्य तेव्हा बारामतीत होते, इंदापूर तालुक्यात नातेवाईक असल्यामुळे तिकडे जाणेयेणे होते, आणि हाताशी एक जुना, साधा कॅमेरा होता. प्रवासाची म्हणून जी छायाचित्रे आम्ही पाठवली ती सगळी या साठ-सत्तर किलोमीटरच्या पट्ट्यातली. हौस म्हणून सुरू केलेल्या या उद्योगाने जे काही प्रश्न उभे केले ते वाङ्मयाच्या अभ्यासकांनाही ओळखीचे वाटतील, म्हणून हा लेखनप्रपंच.

बारामती हे अटी घालून घेण्याच्या खेळाचे गाव आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेले मोरोपंत पराडकर बारामतीकर बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आले, त्यांच्याकडे पुराणिक म्हणून राहिले आणि १७९४ साली इथेच वारले. कऱ्हेकाठी बसून या कवीने एकच रामकथा पुनःपुन्हा सांगितली. त्यांच्या रामायणांची संख्या परंपरेने १०८ मानली जाते. प्रत्येक वेळी अट निराळी. ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांनी उच्चारायचे वर्ण वर्ज्य. म्हणजे प, फ, ब, भ, म यांपैकी एकही वर्ण न वापरता रामाची कथा सांगायची. ज्या कथेच्या नायकाच्या नावातच ‘म’ आहे तिची! ‘मंत्ररामायणा’त अक्षरांची योजना अशी की त्यांतून राममंत्र निघावा. पुढच्या काळात या कसरतींवर कृत्रिमतेचा शिक्का बसला, विष्णुशास्त्री चिपळूणकरांना ‘निबंधमाले’त पंतांची बाजू विस्ताराने मांडावी लागली, आणि वादाचा तो धुरळा अजूनही पुरता खाली बसलेला नाही. त्या वादात शिरण्याचे इथे प्रयोजन नाही. आमच्या दृष्टीने एवढेच महत्त्वाचे की ‘राम’ म्हणता येत नाही म्हटल्यावर कवीला रामाकडे दुसऱ्या बाजूने जावे लागते. कुणाचा पुत्र, कुणाचा पती, काय केले, कुठे गेला, अशा वाटा शोधाव्या लागतात. सवयीचा शब्द काढून घेतला की वस्तू नव्याने दिसू लागते.

आठवड्याच्या शब्दाने आमचे हेच केले. ‘दार’ हा शब्द आल्यावर बाबूजी नाईकांच्या वाड्याचा दरवाजा हे उत्तर कुणालाही सुचेल, आम्हांलाही सुचले. तो काढून झाल्यावर उरलेले सहा दिवस आम्ही नुसती दारे पाहत हिंडलो. दुकानांच्या फळ्या, एसटीचे दार हाताने ओढून लावणारा वाहक, कालव्याच्या चारीचे लोखंडी दार आणि त्याच्या चाकाला लावलेले कुलूप. शेवटी पाठवले ते हे कुलूप. पाणी कुणाच्या शेतात कधी जाणार हे ज्या दारावर ठरते, ते दार. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागात आला तेव्हापासून बारामतीच्या इतिहासाची किल्ली त्या दारांत आहे, असे आम्ही तळटिपेत लिहिले. मते मिळाली अकरा. (वाड्याचा दरवाजा पाठवला असता तर अधिक मिळाली असती, असे एका विद्यार्थ्याचे मत पडले. ते खरे असावे.)

विषय देऊन छायाचित्रे मागवण्याची ही चाल आंतरजालाने शोधलेली नाही. हौशी मंडळींनी एकमेकांसाठी चित्रे काढायची ही कल्पना कॅमेऱ्याच्या बालपणाइतकीच जुनी आहे. १८५५ साली इंग्लंडमधील हौशी छायाचित्रकारांच्या एका विनिमय-मंडळाने सभासदांच्या मुद्रितांचा संग्रह काढला; प्रत्येकाने आपले चित्र द्यावे आणि इतरांची घ्यावीत, अशी ती देवघेव. मुंबई तर त्याच्याही आधी जागी झाली होती. १८५४ च्या ऑक्टोबरात ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि १८५६ पासून जॉन्सन व हेंडरसन यांनी ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक प्रकाशन चालवले. दर अंकात प्रत्यक्ष चिकटवलेली छायाचित्रे आणि सोबत मजकूर. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीच्या वर्तुळातले कुशल छायाचित्रकार. काचेवर ओले रसायन पसरायचे, ते वाळण्याच्या आत चित्र घ्यायचे आणि तिथल्या तिथे धुवायचे, असा तो काळ. मासिकाची तारीख मात्र तेव्हाही महिन्याला येऊन ठेपत असे, आणि हौशी माणसाला तारखेची निकड लागतेच.

या अल्बमात पश्चिम भारतातील जातीजमातींचे पोशाख आणि नमुने यांची एक मालिकाच आहे. ज्यांचे चित्र आहे त्या माणसांची नावे अशा चित्रांखाली सहसा आढळत नाहीत. जातीचे किंवा धंद्याचे नाव असते. विषय आधी, माणूस नंतर. ही गोष्ट आम्ही इथे मुद्दाम नोंदवून ठेवत आहोत.

विसाव्या शतकातले सर्वांत विचारी उदाहरण अमेरिकेतले. मंदीच्या काळात तिथल्या शेती-पुनर्वसनाच्या सरकारी खात्यात रॉय स्ट्रायकर हे गृहस्थ छायाचित्रकारांना गावोगाव पाठवत, आणि सोबत विषयांच्या याद्या देत. संध्याकाळी लोक घरी काय करतात, वाट पाहणारी माणसे कुठे बसतात, अशा स्वरूपाच्या त्या याद्या. १९३६ साली रॉबर्ट लिंड या समाजशास्त्रज्ञाशी झालेल्या बोलण्यातून हे सुचले असे सांगतात. शब्द साधेच, पण चित्र परत येई ते गावाचे नाव, राज्य आणि महिना घेऊन. आज त्या संग्रहाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहता येते ते बऱ्याच अंशी या चिठ्ठ्यांमुळे.

पुढचा टप्पा सर्वांच्या आठवणीतला आहे. अंकीय कॅमेरे स्वस्त झाले, २००२ साली ‘डीपीचॅलेंज’वर साप्ताहिक स्पर्धा सुरू झाल्या, २००४ मध्ये ‘फ्लिकर’ आले आणि रोज एक याप्रमाणे वर्षभर चित्रे काढण्याचे व्रत घेणारे गट तिथे फोफावले. २०१० च्या ऑक्टोबरात ‘इन्स्टाग्राम’ निघाले आणि कॅमेरा खिशात आला. मराठी माणसाने या प्रकाराला दिलेले नाव मात्र अस्सल घरगुती आहे. ‘मायबोली’ या १९९६ पासूनच्या संकेतस्थळाच्या गणेशोत्सवात प्रकाशचित्रांचा ‘झब्बू’ खेळला जाऊ लागला. विषय द्यायचा आणि एकाच्या चित्रावर दुसऱ्याने आपले चित्र टाकायचे. पत्त्यांच्या डावातला हा शब्द स्पर्धा, आव्हान, उपक्रम या सगळ्यांपेक्षा नेमका आहे. झब्बूत बक्षीस नसते. तुमच्या पानाने समोरच्याला हात हलवावा लागतो, एवढेच.

असो. आमच्या वर्षाकडे वळू.

जानेवारीत ‘घर’ हा शब्द आला. गळीत हंगाम चालू होता आणि भवानीनगर परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडल्या होत्या. मराठवाड्यातून, नगरकडून मुकादमाची उचल घेऊन आलेली ही माणसे बांबूच्या कामट्या, पाचट आणि ताडपत्री यांची झोपडी उभी करून चार-पाच महिने राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे ‘कोयता’ म्हणतात. हिशेब माणसांचा नसतो, कोयत्यांचा असतो. आम्ही पहाटे गेलो. एका कोपीच्या तोंडाशी चूल पेटली होती, धुरातून तिरपे ऊन येत होते, आणि आत देवाच्या तसबिरीखाली एक तान्हे मूल निजले होते. चित्र उत्तम आले असते. बाई म्हणाल्या, “सर, हे घर नव्हं. घर गावाकडं हाय, त्याला कुलूप घालून आलोय.” आम्ही कॅमेरा खाली घेतला. त्या आठवड्यात आम्ही काही पाठवले नाही.

पुढे कळले की याच शब्दावर दुसऱ्या कुणीतरी कुठल्याशा मुलखातली अशीच झोपडी पाठवली होती, आणि ती बरीच वर होती. तिच्यात राहणाऱ्याने तिला घर म्हटले असते का, हे विचारण्याची सोय खेळाच्या नियमांत नव्हती. समस्यापूर्तीत दिलेली ओळ निर्जीव असते. ‘ठ’ला कोणी विचारत नाही की तुला घागर व्हायचे आहे का. छायाचित्रात मात्र दिलेल्या शब्दाखाली जिवंत माणूस येऊन बसतो, आणि त्याला त्या शब्दाविषयी स्वतःचे मत असते. काव्यशास्त्राने या अडचणीचा विचार केलेला नाही, कारण त्याला तो करण्याची गरजच पडली नव्हती.

दुसरी गोष्ट कविसंकेतांची. चातक पावसाच्या थेंबावर जगतो, हंस नीरक्षीर वेगळे करतो. पाहिले कुणीच नाही, लिहितात सगळे. आमच्या पट्ट्यातही असे संकेत आता पक्के झाले आहेत. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगावच्या पाणथळीवर रोहित पक्षी येतात. पुण्याहून पहाटे निघालेली मोठ्या भिंगांची मंडळी सूर्योदयाला तिथे पोहोचते, होडीतून थव्याजवळ जाते आणि थवा उडतानाचे गुलाबी-काळे पंख टिपते. आम्हीही ‘समूह’ या शब्दासाठी तेच केले आणि त्या चित्राला वर्षातली सर्वाधिक मते मिळाली. मन सुखावले, हे कबूल केले पाहिजे. मागाहून आमच्याच चित्राची तीच मांडणी, तोच प्रकाश, तेच वळण असलेली चित्रे आम्ही डझनांनी पाहिली. त्यांतले आमचे कोणते हे सांगायला आम्हांला तारखेचा आधार घ्यावा लागला.

थवा उडावा म्हणून होडी किती जवळ न्यायची, याचा निर्णय नावाडी घेतो. पूर्वी नुसती मासेमारी करणारे हे लोक आता हिवाळ्यात पक्षी दाखवतात, त्यांची मराठी-इंग्रजी नावे सांगतात, आणि गिऱ्हाईक “अजून जरा पुढे” म्हणू लागले की वल्हे थांबवतात. आमचाही नावाडी थांबला. “दादा, खायला आल्यात ती. उडवायची न्हाईत,” एवढेच तो म्हणाला. आमचे चित्र उडत्या थव्याचे आले ते वरून गेलेल्या एका घारीमुळे. तळटिपेत ही हकिकत लिहायला जागा होती. आम्ही लिहिली नाही.

आषाढात तुकोबांची पालखी आली तेव्हा ‘वर्तुळ’ हा शब्द चालू होता. असा योग क्वचित येतो. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात. बेलवाडीला गोल रिंगणात अश्व धावतो, निमगाव केतकीच्या पानमळ्यांच्या बाजूने पालखी इंदापूरला जाते, तिथे पुन्हा रिंगण, मग सराटीहून नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा. या प्रत्येक ठिकाणी आज वारकऱ्यांच्या डोक्यांवर कॅमेऱ्यांचे दुसरे रिंगण असते. त्यातही आम्ही होतो. तिथे काढलेल्या दोनशेंवर चित्रांपैकी ठेवावे असे एकच वाटले. रिंगण संपल्यावर अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी वाकलेल्या एका म्हाताऱ्या बाईंची पाठ. त्यात वर्तुळ कुठे आहे असे एका परदेशी सभासदाने विचारले. प्रश्न रास्त होता.

म्हणजे आव्हाने वाईट आणि आपण एकट्याने शांतपणे काढलेली चित्रे चांगली, असे म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. ‘दार’ हा शब्द मिळाला नसता तर चारीच्या कुलपाकडे आम्ही आयुष्यात पाहिले नसते. पुनरावृत्तीचाही दोष नाही. पंतांनी एकच कथा किती वेळा सांगितली ते वर आलेच. फरक पडतो तो चित्र आपल्या जागेचे नाव सोबत नेते की नाही, यात. २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ या स्पर्धेत भारत २०१२ पासून आला. तिथे वास्तू कोणती, कुठली, हे सांगितल्याशिवाय चित्राला अर्थ नाही, आणि चित्र कुणालाही वापरता यावे अशी अट असते. २०१७ साली तिचा जागतिक पहिला क्रमांक जेजुरीच्या खंडोबा मंदिरातील छायाचित्राला मिळाला. आमच्या मोरगावाहून अर्ध्या तासाच्या वाटेवरची जेजुरी. ‘पिवळा’ या शब्दाखाली तेच चित्र गेले असते तर भंडारा हा नुसता रंग ठरला असता.

मे महिन्यातली गोष्ट आम्ही मुद्दाम मागे ठेवली होती. शब्द होता ‘अवशेष’. २०१६ चा तो उन्हाळा दुष्काळाचा, आणि उजनीचे पाणी उपयुक्त साठ्याच्या बरेच खाली गेलेले. सुमारे ११७ टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे; पाणी त्या मृतसाठ्यात शिरले की पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ बाहेर येते. धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पुरे झाले, भीमाकाठची गावे उठली, पळसदेव पुणे-सोलापूर रस्त्याकडे सरकले आणि देऊळ पाण्यात राहिले. २०२४ च्या उन्हाळ्यातही ते असेच वर आले होते. दगडी मंडप, वर विटांचे शिखर, भोवती भेगाळलेला गाळ. ‘अवशेष’ या शब्दाला याहून चांगले उत्तर सापडणे अवघड.

आम्ही गेलो तेव्हा तिथे आठ-दहा कॅमेरे होतेच. शिखर आकाशावर घेण्यासाठी सगळे एकाच बाजूला ओणवे झालेले, आम्हीही झालो. तेवढ्यात मागून हाक आली. सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ, धोतर वर खोचलेले, गाळातून चालत येत होते. सोबत दहा-अकरा वर्षांचा नातू. ते देवळाकडे गेले नाहीत. देवळाच्या अलीकडे, जिथे आम्हांला दगडांच्या विस्कटलेल्या रांगांपलीकडे काही दिसत नव्हते, तिथे ते थांबले.

“आबा, काय शोधताय?”

“शोधत न्हाई सर, ह्याला दाखवतोय. ही आमची वसरी. हितं उंबरा. त्या पलीकडं चुलत्याचं घर, आन् ही जी मोकळी जागा हाय का, ही आळी. हितनं माझी वरात गेली.”

मुलगा दगडावर उभा राहिला, मग उतरून, आजोबांनी सांगितलेल्या उंबऱ्यावरून पाय उचलून आत गेला. तिथे उंबरा नव्हता. आबा त्याला म्हणाले, “चपला भाईर.” त्याने चपला काढल्या.

आम्ही त्यांना विचारून चित्र घेतले. त्यात देऊळ नाही. गाळात दगडांची एक रांग, एका बाजूला लहान मापाच्या दोन चपला, आणि आत पाठमोरा उभा असलेला मुलगा. रविवारी रात्री चित्र चढवताना शीर्षकाच्या चौकटीत आम्ही ‘जुने पळसदेव, तालुका इंदापूर : घर’ असे लिहिले, आणि आबांनी सांगितली होती त्या क्रमाने शेजारची घरे तळटिपेत उतरवली. मते चार आली. पावसाळ्यात पाणी चढण्याआधी त्या चित्राची एक प्रत छापून आम्ही नव्या पळसदेवला नेऊन दिली. आबांनी ती उलटी करून पाहिली, मागे काही लिहिले नाही म्हणाले, आणि नातवाला पेन आणायला पाठवले.